आर्ने टिसेलियस : रक्तातली प्रथिने वेगळी करणारा शास्त्रज्ञ



न्यूटन, एडिसन, मेरी क्युरी, सी. व्ही. रामन ही नावं तुम्हाला तोंडपाठ असतात. आज आपण अशा शास्त्रज्ञाची माहिती घेणार आहोत, ज्यांचं नाव पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही. पण सरकारी दवाखान्यात सिकलसेलची पक्की तपासणी होते, तेव्हा तिच्यामागे त्यांचं काम असतं. डॉक्टर गॅमा ग्लोब्युलिन हा शब्द वापरतात, तेव्हा नकळत त्यांनी दिलेलं नाव घेतात. आणि आज नखाएवढ्या चिपवर रक्ताच्या एका थेंबातली प्रथिने वेगळी करता येतात, तिचं मूळ शोधत गेलात तर त्यांच्याच प्रयोगशाळेपर्यंत पोहोचाल.

त्यांचं नाव आर्ने टिसेलियस. देश स्वीडन. १९४८ सालचा रसायनशास्त्राचा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला. चला तर मग, त्यांची गोष्ट समजून घेऊ या.

बालपण आणि शिक्षण

आर्ने टिसेलियस यांचा जन्म १० ऑगस्ट १९०२ रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोम इथे झाला. वडील गणित शिकलेले होते आणि विमा कंपनीत नोकरी करत. आई नॉर्वेतल्या एका धर्मगुरूंची मुलगी. आर्ने अवघा चार वर्षांचा असताना, १९०६ साली वडील वारले. आई मुलांना घेऊन गोथेनबर्गला आली, कारण तिथे सासरची माणसं होती, आधार होता. आर्नेचं शालेय शिक्षण या बंदराच्या शहरातच झालं.

शाळेत त्याला रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र शिकवणारे शिक्षक चांगले लाभले. मुलाचा कल त्यांनी ओळखला आणि त्याला प्रोत्साहन दिलं. मित्रांनो, इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे दोन विषय आपण वेगवेगळ्या वह्यांत लिहितो. आर्नेच्या डोक्यात मात्र त्यांची एकच वही होती. सजीवांच्या शरीरातले पदार्थ नेमके कसे असतात, हा प्रश्न त्याच्या मनात तिथूनच रुजला.

१९२१ साली तो उप्साला विद्यापीठात दाखल झाला. हे विद्यापीठ १४७७ साली स्थापन झालेलं. तापमापकावरचं सेल्सिअस हे नाव ज्यांच्यावरून आलं ते सेल्सिअस उप्सालाचेच. वनस्पती-प्राण्यांना दोन शब्दांची शास्त्रीय नावं देणारे लिनियसही इथेच शिकवायचे.

गुरू भेटले : थिओडोर स्वेडबर्ग

उप्सालात आर्ने ज्यांच्याकडे शिकायला आला, ते होते प्राध्यापक थिओडोर स्वेडबर्ग. स्वेडबर्ग यांनी अल्ट्रासेंट्रिफ्यूज नावाचं यंत्र तयार केलं होतं. ताक घुसळताना रवी गरगर फिरते ती तुम्ही पाहिली असेल. हे यंत्र त्याहून कितीतरी पट वेगाने फिरतं. त्या वेगामुळे द्रवातले जड कण खाली बसतात आणि कोणता कण किती जड आहे, हे मोजता येतं. स्वेडबर्ग यांना १९२६ सालचं नोबेल मिळालं.

आर्नेने १९२४ साली रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन पदव्युत्तर पदवी मिळवली. १९२५ मध्ये तो स्वेडबर्ग यांचा संशोधन साहाय्यक झाला. गुरुजी प्रथिनांचं वजन मोजत होते. शिष्याकडे दुसरं काम आलं : विजेच्या साहाय्याने प्रथिने कशी चालतात ते पाहायचं. १९२६ साली दोघांचा या विषयावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

प्रथिने विजेमुळे कशी चालतात?

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, सोपंच आहे.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्लांच्या लांब माळा. काही अमिनो आम्लांवर धन प्रभार असतो, काहींवर ऋण. माळेत कोणते मणी किती आहेत आणि भोवतालचं पाणी किती आम्लधर्मी आहे, यावर त्या प्रथिनाचा एकूण प्रभार ठरतो. अशा प्रथिनांचं द्रावण नळीत भरून दोन टोकांना वीज जोडली, तर ऋण प्रभाराची प्रथिने धन टोकाकडे सरकतात आणि धन प्रभाराची ऋण टोकाकडे. ज्याचा प्रभार जास्त ते झरझर जातं, कमी असेल ते रेंगाळतं. आकार मोठा असेल तर पाण्याचा अडथळाही जास्त होतो.

शाळेच्या मैदानावर शंभर मीटरची शर्यत आठवा. शिट्टी वाजते तेव्हा सगळी मुलं एका रेषेवर घोळक्याने उभी असतात. पन्नास मीटरवर पाहाल तर घोळका फुटलेला असतो. पुढे गेलेली, मधली आणि मागे राहिलेली मुलं वेगळी दिसतात. कोणी त्यांना हाताने वेगळं केलेलं नसतं. धावण्याच्या वेगातल्या फरकानेच ती वेगळी झाली. प्रथिनांचंही तसंच होतं. या पद्धतीला इलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात.

ऐकायला हे सोपं आहे. प्रत्यक्षात मात्र तिथेच सगळी अडचण होती.

प्रबंध पूर्ण झाला, पण समाधान नाही

१९३० साली टिसेलियस यांनी याच विषयावर डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. त्याच वर्षी त्यांचं ग्रेटा डालेन यांच्याशी लग्न झालं. विद्यापीठात शिकवण्याची पात्रताही मिळाली. सगळं छान चाललं होतं, असं बाहेरून दिसत होतं.

पण टिसेलियस यांना आपलं काम अपुरं वाटत होतं. काही प्रथिने स्वेडबर्ग यांच्या यंत्रात एकसारखी दिसत, म्हणजे वजनाने सारखी. तीच विजेच्या नळीत घातली की एकसारखी वागत नसत. वजन सारखं, पण वागणं वेगळं! म्हणजे त्या द्रावणात एकापेक्षा जास्त प्रथिने दडलेली असणार. पण ती स्पष्ट वेगळी करून दाखवायला जुनं उपकरण पुरत नव्हतं. नळी गरम व्हायची, द्रव ढवळला जायचा आणि प्रथिनांच्या सीमा पुसट व्हायच्या.

भविष्याचाही प्रश्न होता. उप्सालात तेव्हा जीवरसायनशास्त्राचं प्राध्यापकपदच नव्हतं. मग टिसेलियस काही वर्षं दुसऱ्या विषयाकडे वळले. झिओलाइट नावाची खनिजं असतात. त्यांच्या स्फटिकांत अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांत पाण्याचे रेणू कसे शिरतात, याचा त्यांनी अभ्यास केला. १९३४-३५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले.

तिथे काम झिओलाइटचंच होतं. पण भेटी झाल्या त्या रक्त, विषाणू आणि विकरं यांवर काम करणाऱ्या मोठमोठ्या संशोधकांशी. या सगळ्यांना प्रथिने शुद्ध रूपात हवी होती. एकातून दुसरं वेगळं करण्याची खात्रीची पद्धत कोणाकडेच नव्हती. आपण जे काम अर्धवट बाजूला ठेवलं, त्याची किती गरज आहे, हे टिसेलियस यांना घरापासून हजारो किलोमीटर दूर कळलं. स्वीडनला परतल्यावर त्यांनी जुनं काम पुन्हा हातात घेतलं आणि उपकरण मुळापासून नव्याने रचलं.

नवं उपकरण

या उपकरणाचं वर्णन १९३७ साली प्रसिद्ध झालं. त्यात काय काय नवं होतं ते पाहू.

पहिली गोष्ट नळीची. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकलेली, पण पोटातून गोल नसलेली, चपटी आयताकृती नळी त्यांनी घेतली. चपटी असल्यामुळे उष्णता पटकन बाहेर जाते. सपाट बाजूंमधून प्रकाशही सरळ जातो, त्यामुळे आत काय चाललंय ते नीट पाहता येतं.

दुसरी गोष्ट जोडणीची. ही नळी तुकड्या-तुकड्यांची होती आणि तुकडे एकमेकांवरून सरकवता यायचे. त्यामुळे प्रयोग सुरू करताना प्रथिनांचं द्रावण आणि वरचं साधं द्रावण यांच्यात अगदी रेखीव सीमा तयार होत असे. प्रयोग संपल्यावर हवा तो भाग बाजूला काढूनही घेता येई.

तिसरी गोष्ट तापमानाची, आणि ही सगळ्यात हुशारीची. दहावीच्या विज्ञानात तुम्ही पाण्याचं असंगत आचरण शिकता. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त असते. होपचं उपकरण, आकृती काढा, गुण तीन, असं करून आपण तो धडा संपवतो. टिसेलियस यांनी त्याच गुणधर्माचा उपयोग केला. ४ अंशांच्या आसपास तापमान थोडं वर-खाली झालं, तरी पाण्याची घनता जवळपास बदलत नाही. घनता बदलली नाही की गरम पाणी वर, थंड पाणी खाली अशी वर्दळही होत नाही. म्हणून त्यांनी नळी तितक्या थंड पाण्यात ठेवली. वीज वाढवली तरी द्रव शांत राहिला. बघा, परीक्षेपुरतं पाठ केलेलं एक वाक्य कुठे कामाला येतं!

चौथी गोष्ट पाहण्याची. रक्तातली बहुतेक प्रथिने रंगहीन असतात. रंगहीन गोष्ट चालली कुठे, हे दिसणार कसं? उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा लहरताना दिसते ना? हवेला रंग नसतो, पण गरम आणि गार हवेतून प्रकाश वेगळा वाकतो, म्हणून लहरी दिसतात. टिसेलियस यांनी हेच तत्त्व वापरलं. प्रथिनांची जिथे सीमा असते, तिथे प्रकाश वाकतो. त्याची सावली भिंगांच्या साहाय्याने छायाचित्रात पकडायची.

हे उपकरण छोटं नव्हतं. थंड पाण्याची टाकी, भिंगं, कॅमेरा असं सगळं मिळून कित्येक मीटर लांबीचा पसारा व्हायचा. एक खोली त्यालाच लागायची आणि खर्चही भरपूर. एक प्रयोग तासन् तास चाले.

अल्फा, बीटा, गॅमा

टिसेलियस यांनी या नळीत घोड्याच्या रक्ताचं सिरम घातलं. रक्त गोठल्यावर वर जो पिवळसर द्रव राहतो, त्याला सिरम म्हणतात. त्यातली प्रथिने मुख्यतः दोन प्रकारची, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन, अशी तोपर्यंतची समजूत होती.

वीज सुरू झाल्यावर एकामागे एक अशा वेगवेगळ्या सीमा सरकताना दिसल्या. सर्वांत पुढे अल्ब्युमिन. त्याच्यामागे ग्लोब्युलिनचे तीन स्वतंत्र गट. टिसेलियस यांनी त्यांना ग्रीक अक्षरांवरून अल्फा, बीटा आणि गॅमा अशी साधी नावं दिली. तीच नावं आजही जगभर चालतात.

पुढे अमेरिकेहून आलेल्या एल्विन कॅबट या तरुण संशोधकाबरोबर काम करताना आणखी महत्त्वाची गोष्ट समजली. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे प्रामुख्याने गॅमा गटात असतात. म्हणजे शरीराचं संरक्षण करणारे सैनिक रक्ताच्या कोणत्या भागात आहेत, याचा पत्ताच मिळाला. आजही काही आजारांत रुग्णांना गॅमा ग्लोब्युलिनची इंजेक्शनं देतात.

१९३८ साली उप्साला विद्यापीठात देणगीतून जीवरसायनशास्त्राचं खास संशोधन-प्राध्यापकपद निर्माण झालं आणि ते टिसेलियस यांना मिळालं. जे पद नव्हतं म्हणून त्यांनी वाट बदलली होती, ते पद त्यांच्या कामामुळे तयार झालं.

यानंतर त्यांनी दुसऱ्या पद्धतीवरही खूप काम केलं. तिचं नाव अधिशोषण विश्लेषण. एखाद्या पदार्थाच्या पृष्ठभागावर वेगवेगळे रेणू कमी-जास्त प्रमाणात चिकटतात, त्या फरकावरून मिश्रण वेगळं करायचं. १९४८ चं नोबेल त्यांना इलेक्ट्रोफोरेसिस आणि अधिशोषण या दोन्ही कामांसाठी मिळालं. सिरममधल्या प्रथिनांचं गुंतागुंतीचं स्वरूप उलगडलं, याचा त्यात खास उल्लेख होता. तेव्हा ते ४६ वर्षांचे होते.

आपल्या गावापर्यंत आलेलं काम : सिकलसेल

आता जरा आपल्याकडे येऊ. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, नंदुरबार या भागांत राहणाऱ्यांना सिकलसेल हा शब्द सांगावा लागत नाही. नववीच्या पुस्तकातही तो आहे. तांबड्या रक्तपेशी गोल असण्याऐवजी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात.

हा आजार नेमका कशामुळे होतो, हे १९४९ पर्यंत कोणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेत लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टिसेलियस पद्धतीच्या उपकरणात निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आणि सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन तपासलं. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली! म्हणजे दोघांच्या प्रभारात फरक होता. वाहक व्यक्तीच्या रक्तात तर दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन दिसलं. एका रेणूतल्या बदलामुळे आजार होतो, हे जगात पहिल्यांदा सिद्ध झालं. पुढे १९५० च्या दशकातच व्हर्नन इंग्रॅम यांनी तो बदल शोधून काढला. हिमोग्लोबिनच्या माळेत ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन आलेलं असतं. ग्लुटामिक आम्लावर ऋण प्रभार असतो, व्हॅलीनवर नसतो. म्हणूनच वेग बदलतो. भारतात हा आजार १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये नोंदवला गेला.

आज आपल्याकडे तपासणीत आधी सोपी सोल्युबिलिटी चाचणी करतात. तिच्यात शंका आली की पुढची चाचणी होते, आणि व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रोफोरेसिसने ठरवतात. आता खोलीभर उपकरण लागत नाही, टेबलावर मावेल असं पुरतं. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्याचा पायाही तपासणी हाच आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तपासणीचं पथक शाळेत आलं की लपून बसू नका. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे. पण आई आणि वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. ही माहिती लग्नाआधी हातात असली, तर निर्णय डोळसपणे घेता येतो. आणि शिक्षक बांधवांनो, हातपाय दुखतात म्हणून वारंवार गैरहजर राहणारं मूल आळशी आहे असं ठरवण्याआधी, त्याची तपासणी झाली आहे का, हे पालकांना एकदा विचारा. अशा मुलाला वर्गात मध्येच पाणी प्यायला जाऊ द्या. भर उन्हात किंवा कडाक्याच्या थंडीत मैदानावर जबरदस्तीने पळवू नका. आणि त्याचा रिपोर्ट सगळ्या वर्गासमोर वाचू नका.

भिंतीची अडचण

आता गोष्टीतला शेवटचा आणि सगळ्यात गमतीचा भाग.

आई दूध तापवायला ठेवते, तेव्हा आधी पातेल्यात थोडं पाणी फिरवून घेते. का? दूध बुडाला लागू नये म्हणून. वड्या थापण्याआधी ताटाला तुपाचा हात का फिरवतात? वड्या चिकटू नयेत म्हणून. दुधातला जो भाग बुडाला चिकटतो, त्यात प्रथिने भरपूर असतात. प्रथिनांना पृष्ठभागाला चिकटायची खोडच असते.

काचेच्या नळीतही तसंच होतं. काच पाण्यात असली की तिच्या पृष्ठभागावर ऋण प्रभार येतो. धन प्रभार असलेली प्रथिने तिला जाऊन चिकटतात. शर्यतीत धावणारी मुलं मध्येच कुंपणाला धरून उभी राहिली, तर निकाल कसा लागणार? शिवाय दुसरी अडचण असते. भिंतीच्या ऋण प्रभारामुळे तिच्यालगतच्या पाण्यात धन आयन गोळा होतात. वीज सुरू केली की ते आयन आपल्याबरोबर पाणीच ओढून नेतात. म्हणजे धावपट्टीच सरकायला लागते!

टिसेलियस यांची नळी रुंद होती. बहुतेक प्रथिने भिंतीपासून दूरच असत, म्हणून हा त्रास कमी होता. पण नळी जसजशी बारीक कराल, तसतशी भिंत जवळ येते. जत्रेत मोकळ्या मैदानावर भिंतीला कोणी घासत नाही, पण अरुंद बोळातून जाताना प्रत्येकाचा खांदा भिंतीला लागतो. गणित करून पाहा. १ सेंटिमीटर व्यासाच्या नळीपेक्षा ५० मायक्रॉन व्यासाच्या नळीत, आतल्या द्रवाच्या मानाने भिंतीचं क्षेत्रफळ २०० पट होतं.

मग बारीक नळी हवीच कशाला? कारण बारीक नळीतून उष्णता भराभर बाहेर जाते. त्यामुळे विजेचा दाब खूप वाढवता येतो आणि तासांचं काम मिनिटांत होतं. रक्तही थेंबभर पुरतं.

हा पेच सोडवण्यात टिसेलियस यांच्या शिष्याचा मोठा वाटा आहे. त्यांचं नाव स्टेलन येर्टेन. उप्सालातच त्यांनी १९६७ साली आपला प्रबंध लिहिला. त्यांनी स्वतःभोवती फिरत राहणारी क्वार्ट्‌झची नळी वापरली आणि तिच्या आतल्या भिंतीला मिथाइल सेल्युलोजचा पातळ लेप दिला. लेपामुळे भिंतीचा प्रभार झाकला गेला. पुढे १९८५ मध्ये त्यांनी केसाइतक्या बारीक नळ्यांसाठी अधिक टिकाऊ लेप दाखवला. भिंतीला रंग देण्याआधी रंगारी प्रायमर मारतात ना, तसं. आधी असं रसायन लावायचं, ज्याचा एक हात काचेला घट्ट धरतो. त्याच्या दुसऱ्या हाताला पॉलिअॅक्रिलामाइडच्या लांब साखळ्या जोडायच्या. या साखळ्यांवर प्रभार नसतो आणि त्यांना पाणी आवडतं. त्या भिंतीवर ओल्या गवतासारख्या उभ्या राहतात. प्रथिनं भिंतीपर्यंत पोहोचतच नाहीत, आणि भिंतीलगतचं पाणीही फारसं सरकत नाही.

१९९० च्या दशकात शास्त्रज्ञांनी काचेच्या छोट्या पट्टीवर बारीक पन्हळी कोरून तिथेच इलेक्ट्रोफोरेसिस करून दाखवलं. यालाच मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणतात. पुढे काचेऐवजी रबरासारख्या सिलिकॉनच्या आणि प्लास्टिकच्या चिपही आल्या. तिथे प्रथिने वेगळ्या कारणाने चिकटतात. हे पदार्थ पाण्याला दूर ठेवणारे असतात, आणि प्रथिनांचेही काही भाग तसेच असतात, म्हणून दोघांची गट्टी जमते. त्यामुळे चिप कशाचीही असो, आतल्या पृष्ठभागाला कोणता लेप द्यायचा, हा प्रश्न तिथे सुटत नाही. मिथाइल सेल्युलोज, पॉलिअॅक्रिलामाइड, पॉलिइथिलीन ग्लायकॉल असे वेगवेगळे लेप संशोधक वापरतात. लेप धुऊन गेला किंवा कुठे कमी-जास्त बसला, तर तपासणीचा निकालच चुकू शकतो. डोळ्यांना न दिसणारा तो थर इतका महत्त्वाचा आहे.

गंमत बघा. टिसेलियस यांना नोबेल मिळालं ते दोन कामांसाठी, विजेने प्रथिने चालवणं आणि पृष्ठभागाला रेणू चिकटणं. अधिशोषणात चिकटणं उपयोगाचं होतं, चिपमध्ये तेच चिकटणं टाळायचं असतं. एकाच गुणधर्माशी एकदा मैत्री करायची आणि एकदा त्याला लांब ठेवायचं!

माणूस म्हणून टिसेलियस

नोबेल मिळाल्यावर ते थांबले नाहीत. १९४६ पासून स्वीडनच्या नैसर्गिक विज्ञान संशोधन परिषदेचे ते पहिले अध्यक्ष होते. १९५१ ते १९५५ या काळात शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाचे अध्यक्ष, आणि १९६० ते १९६४ नोबेल फाउंडेशनचे अध्यक्ष. त्यांच्या संस्थेत वेगळं करण्याच्या नवनव्या पद्धती जन्माला आल्या. १९५९ साली येर्कर पोरात आणि पेर फ्लोदिन यांनी जेलमधून रेणू आकारानुसार वेगळे करण्याची पद्धत मांडली, तीही याच परंपरेतली.

त्यांना निसर्गाची फार ओढ होती. उप्सालाच्या आसपास फिरून पक्षी पाहणं, वनस्पती ओळखणं हा त्यांचा छंद होता. विज्ञानाचा उपयोग माणूस कशासाठी करतो, याचीही त्यांना काळजी वाटे. १९६९ मध्ये स्टॉकहोमला तथ्यांच्या जगात मूल्यांचं स्थान काय, या विषयावर परिसंवाद झाला. त्याच्या पुस्तकाचे ते एक संपादक होते.

२९ ऑक्टोबर १९७१ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. तेव्हा ते ६९ वर्षांचे होते. केसाइतक्या नळ्या आणि चिप त्यांनी पाहिल्या नाहीत. पण अर्धवट राहिलेल्या कामाकडे ते परत वळले नसते, तर ती वाट उघडायला किती उशीर झाला असता कोण जाणे. मित्रांनो, तुमच्याही वहीत एखादं अर्धवट सुटलेलं उदाहरण असेलच. ते पान फाडू नका. थोडं फिरून या आणि पुन्हा त्याच पानावर बसा.

करून पाहा

१. पांढऱ्या खडूच्या खालच्या टोकापासून एक सेंटिमीटर वर काळ्या स्केचपेनने गोल रेघ काढा. बशीत थोडंसं पाणी घेऊन खडू उभा ठेवा. रेघ पाण्यात बुडू देऊ नका. पाणी वर चढताना काळ्या रंगातून कोणकोणते रंग वेगळे होतात, ते वहीत लिहा. हे अधिशोषणाचं उदाहरण आहे.

२. दोन पाट्या घ्या. एकीला तेलाचं बोट फिरवा. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाका आणि पाटी तिरपी करा. कोणता थेंब पसरतो आणि कोणता घरंगळतो? लेपामुळे पृष्ठभागाचं वागणं कसं बदललं, ते सांगा.

स्वाध्याय

१. टिसेलियस यांनी नळी ४ अंश सेल्सिअसच्या आसपास का ठेवली?
२. सिरममधील ग्लोब्युलिनचे तीन गट कोणते? प्रतिपिंडे मुख्यतः कोणत्या गटात आढळतात?
३. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनचा वेग वेगळा का असतो?
४. बारीक नळीत भिंतीला लेप देण्याची गरज जास्त का भासते?
५. तुमच्या स्वयंपाकघरात चिकटणं टाळण्यासाठी काय काय करतात, त्याची यादी करा.

उत्तरं वहीत लिहा आणि आपल्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवा.